ज्यांची चित्रं, त्यांच्यापर्यंत

(देगलूर येथील स्मृती-व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



पत्रिकेत विषय ‘आजची भारतीय चित्रकला’ असा छापलाय. एवढा पसारा तासाभरात मांडायला गेलं की सगळ्यांची नावं घेऊन होतात आणि एकाचंही चित्र डोळ्यांपुढे उभं राहत नाही. म्हणून तो मी आपणहून आखडता घेतलाय. बोलणार आहे एकाच चित्रकाराबद्दल, सुधीर पटवर्धनांबद्दल. आणि त्यांच्याही सगळ्या चित्रांबद्दल नाही. त्यांच्या कामातून एक प्रश्न सतत डोकं वर काढत आलाय, त्याबद्दल. ज्या माणसांची चित्रं काढतो, ती माणसं ही चित्रं बघणार कधी आणि कुठं? हा प्रश्न मुंबईपेक्षा देगलूरला जास्त लागू आहे, असं माझं मत आहे. ज्या चित्रकला शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण जमतो, त्यांच्या हाताखालून गेलेली निम्मी मंडळी समोर बसलीत. त्यांना हा प्रश्न परका वाटू नये.

पटवर्धनांचा जन्म १९४९ चा, पुण्याचा. तिथल्याच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये ते डॉक्टर झाले, मग मुंबईला गेले आणि ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून २००५ पर्यंत त्यांनी व्यवसाय केला. चित्रकलेची पदवी त्यांच्याकडे नाही. सेझान, फर्नाँ लेजे अशा चित्रकारांकडे पाहत आणि स्वतः काढत ते शिकले. म्हणजे आयुष्याची तीसेक वर्षं हा माणूस सकाळी लोकांच्या बरगड्या न् फुप्फुसं बघत होता आणि उरलेल्या वेळात त्याच लोकांना कॅनव्हासवर उभं करत होता. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांतली माणसं बघा, चांगली जड असतात. खांदे रुंद, हात थोराड, अंगाला वजन. खुर्चीत बसलेला माणूस खुर्चीवर भार टाकून बसलाय हे दिसतं. आपल्याकडच्या कॅलेंडरातली माणसं जमिनीला पाय न लावता उभी असतात. पटवर्धनांची माणसं जमीन दाबून उभी असतात.

‘इराणी रेस्टॉरंट’ १९७७ चं, ‘ट्रेन’ १९८० चं, ‘ओव्हरब्रिज’ आणि ‘ॲक्सिडेंट ऑन मे डे’ १९८१ ची. नावांवरूनच कळतं की हा चित्रकार कुठं उभा राहून बघतोय. मार्क्सवादाकडे ओढलेला तरुण, ठाणे-मुंबईतला कामगार हा त्याचा विषय. पण कामगाराची मूठ उगारलेली चित्रं त्यानं काढली नाहीत. पुलाची पायरी चढणारा माणूस काढला. त्या काळात त्यांनी आपली भूमिका लिहूनही ठेवली आहे. तिचा मथितार्थ असा, की मी काढलेल्या आकृतीत त्या माणसाला स्वतःची ओळख पटावी, ती त्याची स्वतःबद्दलची प्रतिमा होऊ शकावी. हे मागणं साधं दिसतं, पण फार अवघड आहे. कारण त्यासाठी नुसतं चित्र जमून चालत नाही, तो माणूस चित्रासमोर येऊन उभा राहावा लागतो.

आणि तो येत नव्हता.

पटवर्धनांचं पहिलं एकल प्रदर्शन १९७९ मध्ये झालं, दिल्लीत, आर्ट हेरिटेजमध्ये. मुंबईत प्रदर्शनाची मोठी जागा म्हणजे काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ पासूनची. जहांगीरला तिकीट नाही. दार रस्त्यावर उघडतं. बाहेर फूटपाथवर होतकरू चित्रकार चित्रं मांडून बसतात, शेजारून दिवसभर माणसांचा लोंढा वाहतो. तरीही त्या लोंढ्यातला हमाल, शिपाई, फेरीवाला आत शिरताना क्वचित दिसतो. त्याला कुणी अडवलेलं नाही. ही जागा आपली नाही, हे त्याला दारावरच्या पाटीशिवाय कळतं. इथं समोर बसलेल्यांपैकी कितीजण जहांगीरच्या आत गेलेत, हे हात वर करून विचारणार होतो, पण नको. मुंबईला आपण जातो ते दवाखान्यासाठी, मंत्रालयासाठी, नाहीतर लेकराच्या मुलाखतीसाठी. आणि त्या दिवशी चित्र बघायला सवड कुणाला?

१९८१ च्या नोव्हेंबरात ‘प्लेस फॉर पीपल’ नावाचं एक प्रदर्शन झालं, मुंबईत जहांगीरला आणि दिल्लीत रवींद्र भवनात. सहाजण होते : भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि सुधीर पटवर्धन. पुस्तिकेतला लेख गीता कपूर यांचा. भारतीय चित्रात माणसाला, त्याच्या गल्लीला, त्याच्या गोष्टीला पुन्हा जागा हवी, असं हे सगळे म्हणत होते. या सहाजणांचं एकत्र येणं मला प्रदर्शनाइतकंच महत्त्वाचं वाटतं. विवान सुंदरम यांनी हिमाचलात कसौलीला आपल्या घरच्या बंगल्यात १९७६ मध्ये कसौली आर्ट सेंटर सुरू केलं होतं. तिथं चित्रकार, लेखक, नाटकवाले राहायला यायचे, काम करायचे आणि रात्री भांडायचे. आपण कार्यशाळा म्हणतो ती खरी ही. तिच्यात उद्‌घाटक नव्हता, शाल-श्रीफळ नव्हतं. दुसऱ्याचं काम अर्धवट असताना बघायला मिळणं आणि आपलं अर्धवट काम दुसऱ्याला दाखवायची लाज मोडणं, एवढंच तिच्यात घडायचं. त्यातून पुढच्या चाळीस वर्षांची चित्रकला फिरली.

त्या सहाजणांतला देगलूरला सगळ्यात जवळचा वाटावा असा चित्रकार खरं तर भूपेन खख्खर. हे गृहस्थ सनदी लेखापाल. बडोद्यात राहायचे, दिवसा हिशेब लिहायचे आणि चित्रं काढायचे घड्याळदुरुस्तीवाल्याची, शिंप्याची, न्हाव्याच्या दुकानाची. ‘जनता वॉच रिपेअरिंग’ आणि ‘डीलक्स टेलर्स’ ही दोन्ही १९७२ ची चित्रं. आपल्या मेन रोडवर पाच मिनिटं चाललं तर त्या दोन्ही दुकानांची सख्खी भावंडं भेटतील. काउंटरमागं एकटा बसलेला माणूस, डोक्यावर ठळक अक्षरांची पाटी, भिंतीवर ओळीनं टिकटिकणारी घड्याळं. उच्चभ्रू मंडळींना ते आधी चेष्टेचं वाटलं. आज त्या चित्रांसाठी जगभरातली संग्रहालयं रांगेत आहेत. खख्खर २००३ मध्ये गेले.

आपल्या पाटीरंगाऱ्यांबद्दल इथं एक वाक्य बोलायलाच हवं. फ्लेक्स आला आणि हा माणूस गावातून उठला. ‘येथे उसाचा रस मिळेल’ लिहिताना ऊस कसा वळवायचा, ट्रकच्या मागं कमळ किती पाकळ्यांचं काढायचं, हे जाणणारे हात आता दुसऱ्या कामाला लागलेत. चित्रकार एम. एफ. हुसेन हेच काम करत मोठे झाले. पंढरपुरात जन्मले, मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवली. असो.

पटवर्धनांकडे परत येतो. २००१ मध्ये अंजली मोन्तेरो आणि के. पी. जयशंकर या जोडीनं ‘साचा’ नावाचा माहितीपट केला. त्यात दोन माणसं आहेत, कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन. आणि तिसरी आहे ती गिरणगावची मुंबई, जी तोवर उतरणीला लागली होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बरेच परत आत गेलेच नाहीत. सुर्वे कुठल्याही मराठी माणसाला सांगावे लागत नाहीत. शाळेच्या पुस्तकातून ते देगलूरपर्यंत केव्हाच पोचलेत, तुमच्यातल्या कितीजणांना त्यांच्या कविता पाठ असतील. पण त्याच गिरणगावाकडे, त्याच माणसांकडे बघणारा त्यांच्या शेजारचा चित्रकार मात्र पोचला नाही. का? दोघांचा विषय एक, काळ एक, राजकारणही फार लांबचं नाही. फरक माध्यमाच्या वाहतुकीचा आहे. कविता दोन रुपयांच्या कागदावर चारशे मैल चालत येते आणि पोचल्यावर तीच असते. चित्र छापून येतं तेव्हा ते टपाल तिकिटाएवढं होतं, त्याचा रंग बदलतो, आणि त्याच्यासमोर उभं राहिल्यावर आपलं शरीर त्याच्याशी मापात जे जुळवून घेतं, ते तर होतच नाही.

‘साचा’च्याच वर्षाचं, २००१ चं, पटवर्धनांचं ‘लोअर परेल’ हे चित्र घ्या. रेल्वे, पूल, गिरण्यांची धुराडी, त्यांच्या डोक्यावर चढलेल्या नव्या इमारती आणि या सगळ्यातून आपापल्या वाटेनं चाललेली माणसं. चित्र मोठं आहे, डोळा एका जागी थांबू शकत नाही. एक भाग वरून दिसतो, दुसरा समोरून; रस्ता आपल्याला डावीकडे ओढतो, तर पूल उजवीकडे. मुंबईत नवखा माणूस पुलावर उभा राहिला की नेमकं असंच होतं, कुठं बघावं ते कळत नाही. हे मोबाईलवर चार इंचांत बघून काय हाती लागणार? तिथं फक्त ‘अरे, छान काढलंय’ एवढंच म्हणता येतं.

आता ज्यासाठी मी पटवर्धन निवडले त्या गोष्टीकडे येतो. २००८-०९ मध्ये ‘एक्सपांडिंग होरायझन्स’ नावाचं फिरतं प्रदर्शन निघालं. बोधना ही संस्था त्यामागं होती आणि चित्रांची निवड-मांडणी पटवर्धनांनी केली. समकालीन भारतीय चित्रकारांची मूळ कामं मुंबईबाहेर, महाराष्ट्रातल्या इतर शहरांत न्यायची आणि तिथल्या लोकांना दाखवायची, एवढा त्याचा सरळ हेतू. तोवर पटवर्धन देशातले पहिल्या फळीतले चित्रकार होते, रणजित होस्कोटे यांचं त्यांच्यावरचं पुस्तक येऊन गेलं होतं. अशा माणसानं स्वतःचं काम बाजूला ठेवून दुसऱ्यांच्या चित्रांच्या पेट्या गावोगाव हलवायच्या मागं का लागावं? मला उत्तर तरुणपणी लिहून ठेवलेल्या त्या भूमिकेत दिसतं. चित्रातला माणूस गॅलरीत येत नाही, तर गॅलरीनं उठून जावं. वयाच्या साठीला आलेल्या माणसानं तिशीतला प्रश्न सोडला नव्हता.

या प्रयोगाची एक मर्यादाही सांगतो, नाहीतर भाषण आरतीसारखं होईल. तो शहरांच्या पातळीला थांबला. तालुक्याला आला नाही. येणं सोपं नव्हतंच. मूळ चित्र हलवायचं म्हणजे विमा, लाकडी पेट्या, दमटपणा, उन्हाची तिरीप, रात्रीचा पहारेकरी. एका कॅनव्हासची किंमत आपल्या एखाद्या शाळेच्या इमारतीएवढी असते. पण दुसरी मर्यादा जास्त खोल आहे. गावातल्या माणसाला स्वतःचं असं चित्र बघायचंय का? रवि वर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढं मळवलीला नेला आणि तिथून लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या. देगलूरच्या जुन्या वाड्यांतही त्या काचेत बसलेल्या असतील. त्यासाठी कुणाला प्रदर्शन भरवावं लागलं नाही. लोकांना हवं होतं ते मिळालं. पुलाची पायरी चढणारा घामेजलेला माणूस पैसे देऊन कोण भिंतीला लावणार? हा आक्षेप मी टाळत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की, न बघितलेली गोष्ट नको म्हणण्याचा अधिकार कुणालाच नसतो. आधी बघू द्या, मग नको म्हणू द्या.

बघणं ही सवयीची गोष्ट आहे. या गावाला ते वेगळं सांगायची गरज नाही. देगलूरकर महाराजांची ही भूमी. धुंडा महाराजांचं कीर्तन ऐकणाऱ्या पिढ्यांना राग कुठला, चरण कुठलं हे कुणी फळ्यावर शिकवलं नव्हतं. ऐकून ऐकून कान तयार झाले, आणि बुवा कुठं चुकला हे मागं बसलेल्या अंगठेबहाद्दर म्हाताऱ्याला कळू लागलं. डोळ्यांना आपण तशी संधीच दिलेली नाही.

बरं, फिरतं चित्र ही काही मुंबईनं आपल्याला शिकवायची गोष्ट नाही. चित्रकथी हेच करायचे. चित्रांची पोथी पाठीवर, गावात मुक्काम, दिव्याच्या उजेडात एकेक पान उचलायचं आणि त्यावर गात गात कथा सांगायची. सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर समाजानं ही कला अजून धरून ठेवलीय. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. आणि आपल्या मराठवाड्याचं पैठण तर चित्रकथीच्या एका शैलीचं नावच होऊन बसलंय. मोठाले डोळे, एका बाजूनं काढलेले चेहरे, अंगावर येणारे राक्षस. ती पानं बघायला आज पुण्याच्या केळकर संग्रहालयात जावं लागतं. पैठणची चित्रं पुण्यात बघायची ही आपली वाहतूक.

कार्यशाळेचंही तसंच. मराठवाड्याच्या मातीवरची कदाचित सगळ्यात मोठी चित्रकार-कार्यशाळा अजिंठ्यात झाली आणि आपण तिला त्या नावानं ओळखतच नाही. जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन तिथं येत राहिले, भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करत राहिले. पेस्तनजी बोमनजी त्या पोरांतलेच. त्या नकलांतल्या बऱ्याचशा लंडनला आगीत गेल्या. मग १९०९ ते ११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम आल्या, सोबत कलकत्त्याचे तरुण नंदलाल बोस, असितकुमार हालदार, आणि हैदराबादकडचे सय्यद अहमद, फजलुद्दीन. फर्दापूरला मुक्काम, दिवसभर अंधाऱ्या लेण्यात मान वर करून रेषा उतरवायची. सय्यद अहमद पुढं निजामाच्या पुरातत्त्व खात्यात अजिंठ्याशी आयुष्यभर जोडले गेले. त्यांच्या आणि जलालुद्दीन यांच्या हातच्या प्रतिकृती हैदराबादच्या बागे-आममधल्या संग्रहालयात लावलेल्या आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत देगलूरही निजामाच्याच राज्यात होतं. म्हणजे अजिंठ्याची ती चित्रं कागदोपत्री आपल्याच सरकारची होती.

नंदलालांचं मात्र पुढं ऐकण्यासारखं आहे. अजिंठ्यात रेषा गिरवून गेलेला हा माणूस पंचवीसेक वर्षांनी पुन्हा महाराष्ट्रात आला, तो खानदेशात फैजपूरला. डिसेंबर १९३६. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. गांधीजींची अट अशी, की मंडप, कमानी, सजावट सगळं तिथंच मिळणाऱ्या वस्तूंतून व्हावं. बांबू, गवत, टोपल्या. नंदलालांनी ते करून दाखवलं. पुढं फेब्रुवारी १९३८ ला गुजरातेत हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी त्यांनी ऐंशीच्या वर फलकचित्रं केली. ढोल वाजवणारा, पिंजारी, सुतार, चांभार, कांडण करणाऱ्या बाया. झपाट्यानं, मातीच्या रंगांत, अजिंठ्याचीच वळणदार रेषा घेऊन. आणि ती लावली कुठं, तर अधिवेशनाला पायी येणाऱ्या शेतकऱ्याला दिसतील अशा जागी. पिंजाऱ्याचं चित्र पिंजाऱ्यानं बघितलं असेल अशी खात्री देता यावी असं भारतीय चित्रकलेतलं माझ्या माहितीतलं हे दुर्मीळ उदाहरण. पटवर्धनांचा प्रश्न नंदलालांनी चाळीस वर्षं आधी तीन-चार दिवसांपुरता सोडवला होता. अधिवेशन संपलं, फलक उतरले, पुढं संग्रहालयात गेले.

आता देगलूर. आपण मुंबईकडे तोंड करून बसलोय, हे एकदा तपासायला हवं. इथून हैदराबाद किती जवळ आणि मुंबई किती लांब, हे एसटीच्या तिकिटावर दिसतं. बाजारात तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी एकाच सौद्यात बोलली जाते. सीमेपलीकडच्या जुन्या मेदक जिल्ह्यात, निजामपूर नावाच्या खेड्यात १९४० मध्ये लक्ष्मा गौड जन्मले. हैदराबादला शिकले, बडोद्यात के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकले आणि परत आले. त्यांच्या चित्रांत शेळ्या आहेत, खडकाळ माळ आहेत, मिशीवाले गडी आणि ठसठशीत नाकाच्या बाया आहेत. इथून जवळच्या होट्टलच्या रस्त्यावर भेटणाऱ्या माणसांहून ती वेगळी नाहीत. गौडांचं नाव घेण्याचं आणखी एक कारण असं, की ते मोठे छापचित्रकार आहेत. छापचित्र म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, सुईनं त्यावर चित्र कोरायचं, पत्रा आम्लात बुडवायचा. सुईनं मेण उडालेल्या रेषाच आम्ल खाऊन टाकतं. मग त्या रेषांत शाई भरायची आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्राखालून काढायचा. अशा वीस-पंचवीस प्रती निघतात, त्यातली प्रत्येक मूळ चित्रच, खाली चित्रकाराची सही. कागदाचं काम असल्यामुळं काचेच्या चौकटीत बसवून जीपमधून नेता येतं, आणि विमाही झेपतो. ज्या गावाला पहिलं प्रदर्शन भरवायचंय त्यानं कॅनव्हासच्या मागं न लागता छापचित्रांपासून सुरुवात करावी. वीस चित्रं, दहा दिवस, शाळेचा एक हॉल. ट्यूबलाइट काढून दिवे नीट लावलेले. उद्‌घाटन कुणाचं करायचं यावर वाद होणार असेल तर उद्‌घाटनच ठेवू नका. आठवडी बाजाराच्या दिवशी दार रात्री नऊपर्यंत उघडं ठेवा. दहावीची पोरं-पोरी चित्राशेजारी उभी राहतील, विचारलं तर बोलतील, नाही विचारलं तर गप्प बसतील. हे दुसरं शिकवायला जास्त वेळ लागतो.

होट्टलचा उल्लेख निघालाच आहे. अकराव्या-बाराव्या शतकातलं चालुक्यांचं काम आपल्या हाकेच्या अंतरावर आहे आणि मंदिर-मूर्तींच्या अभ्यासात ज्यांचं नाव आदरानं घेतलं जातं त्या गो. बं. देगलूरकरांच्या नावातच हे गाव आहे. पण शाळेच्या सहली कुठं जातात, हे तुम्हाला ठाऊक आहे. होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या एका मूर्तीसमोर पोरांना कागद-पेन्सिल देऊन सकाळभर बसवलं, तर त्याला खर्च डब्याचा.

शेवटी शाळेबद्दल. आपल्याकडे चित्रकला म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. कला संचालनालयाच्या या परीक्षा लाखो मुलं देतात, चांगल्या श्रेणीचे दहावीला गुण वाढतात, म्हणून पालकही उत्साही असतात. त्यात स्मरणचित्र नावाचा एक पेपर असतो, आणि मला तो सगळ्यात आवडतो. बाजार, रंगपंचमी, बसस्थानक, असा विषय देतात. आठवून काढायचं. पटवर्धनांची निम्मी चित्रं ही त्या अर्थानं स्मरणचित्रंच. बघितलेलं, आठवलेलं, मग कॅनव्हासवर जुळवलेलं. पण आपल्या वर्गांत काय होतं? बाईंनी किंवा सरांनी एक नमुना दिलेला असतो. डावीकडे झाड, मधे लाल बस, पुढं पाठमोरी बाई, कडेला केळीवाला. तालुक्यातली दोनशे मुलं तेच झाड काढतात. ज्या पोराचं घर देगलूरच्या स्टँडमागं आहे तेही स्वतःचं स्टँड काढत नाही, मार्गदर्शक पुस्तकातलं काढतं. तेलंगणाच्या बसचा रंग वेगळा असतो हे त्याला रोज दिसतं. चित्रात मात्र येत नाही. मी शिक्षकांना दोष देत नाही. साठ मुलं, एक तास आणि वर निकालाचा धाक, यात दुसरं काय होणार?

गीव पटेलांची आठवण इथं येते. पटवर्धनांचे जवळचे मित्र, तेही डॉक्टर, चित्रकार, आणि इंग्रजीतले कवी. २०२३ मध्ये ते गेले. विहिरीत वाकून बघितल्यावर काय दिसतं, यावर त्यांनी वर्षानुवर्षं चित्रं केली : पाणी, त्यात आभाळ, कडेचं गवत, खाली अंधार. बारवांच्या प्रदेशातल्या माणसाला हा विषय समजावून सांगावा लागू नये. हेच पटेल ऋषी व्हॅलीच्या शाळेत वर्षानुवर्षं मुलांच्या कवितेच्या कार्यशाळा घेत राहिले. एकदा जाऊन फोटो काढून आले, असं नाही. पुन्हा पुन्हा त्याच शाळेत. कार्यशाळेचा गुण तिच्या पाहुण्यात नसतो, तो पाहुणा दुसऱ्यांदा येतो का यात असतो. आपल्याकडच्या एकदिवसीय शिबिरांचं गणित इथं चुकतं. साडेदहाला दीपप्रज्वलन, बाराला प्रात्यक्षिक, पाहुण्यांनी वीस मिनिटांत गणपती काढायचा, टाळ्या, प्रमाणपत्र, पोहे. पोरं त्या वीस मिनिटांच्या हातचलाखीनं थक्क होऊन घरी जातात, आणि आपल्याला हे जमणार नाही एवढंच पक्कं शिकतात.

तेव्हा संयोजकांपुढे माझी एक मागणी आहे, आणि ती अगदी लहान आहे. पंधरा मुलं निवडा, परीक्षेत पहिली आलेलीच नकोत. त्यांना एका रविवारी सकाळी आपल्या बसस्थानकावर तासभर बसवा. हातात काही द्यायचं नाही, पेन्सिलही नाही. नुसतं बघायचं. उदगीरची बस लागल्यावर माणसं कशी पळतात, खिडकीतून आधी टोपी आत कशी जाते, गठुडं घेऊन बसलेली म्हातारी पाय कुठं ठेवते, हैदराबादला कामावर निघालेल्या पोराचा निरोप घेताना बाप हात कुठं ठेवतो. मग शाळेत येऊन काढायचं. पुढच्या रविवारी ती कागदं घेऊन तिथंच परत जायचं, जे निसटलं ते बघायचं, पुन्हा काढायचं. असं चार-सहा रविवार. कुठल्याही चित्रकाराला बोलवायचं असेल तर तिसऱ्या रविवारी बोलवा, म्हणजे त्याला दाखवायला काही असेल, आणि त्याच्याकडून पुन्हा यायचं कबूल करून घ्या.

आणि चित्रं झाली की ती हॉलमध्ये लावू नका. स्टँडवरच लावा, चौकशी खिडकीच्या शेजारच्या भिंतीला, नजरेच्या उंचीवर, आठ दिवस. वाहक, चालक, हमाल, उसाच्या रसवाला, परगावचे प्रवासी, सगळ्यांना दिसू द्या. कुणी म्हणेल, माझं नाक असं नाही. त्या पोराला ते ऐकू द्या. त्यासाठी आगारप्रमुखांची लेखी परवानगी लागेल, आणि पावसाळ्यात ती भिंत ओली होते म्हणून दिवाळीनंतरची तारीख धरावी लागेल. परवानगीच्या अर्जाचा मसुदा मी करून आणलाय. अध्यक्षांची आणि मुख्याध्यापकांची सही मिळाली की तो उद्या सकाळी देता येईल.